भोपळा कुणासाठी मोठा करायचा?

भाजीवाल्या मावशींच्या पाटीतला तांबडा भोपळा सहसा अख्खा विकला जात नाही. विरार स्टेशनचा बाजार घ्या नाहीतर वसई गावातला होळी बाजार, भोपळा आधी चिरला जातो, त्याचा केशरी गर गिऱ्हाइकाकडे तोंड करून मांडला जातो आणि मग ‘पाव देऊ की अर्धा?’ म्हणत सुरी चालते. फोड घेणारी बाई गराचा रंग बघते, बियांभोवतीची जाळी ओलसर आहे की सुकलीय ते बघते, सालीवर नख रोवून पाहते. मूळ फळ चार किलोचं होतं की चौदा, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. उलट भोपळा फार मोठा असेल तर मावशींचीच पंचाईत होते. एकदा चिरला की तो दोन दिवसांत खपायला हवा, नाहीतर कडा सुकतात, गर बुळबुळीत होतो आणि उरलेला अर्धा गुराढोरांना जातो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मोठं’ हा विषय दिला आणि त्यात एक प्रश्न पुढे केला: क्रेनने उचलावे लागणारे राक्षसी भोपळे परदेशात पिकतात, तसा एखादा वसई-विरारच्या नवशिक्या बागकाम करणाऱ्याला पिकवता येईल का? या प्रश्नाची दोन तयार उत्तरं असतात. एक म्हणजे ‘बियाणं मागवा, होईल’, दुसरं ‘आपल्याकडच्या हवेत शक्यच नाही’. दोन्ही अर्धवट आहेत. भोपळ्याची गोष्ट नीट पाहिली तर दिसतं की फळाचा आकार आधी गिऱ्हाईक ठरवतं आणि मग हवामान त्याला वेसण घालतं. ज्याला मोठं फळ हवंय असा कुणी समोर असेल तर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेल तिकडे वळवता येतो. तसा कुणी नसेल तर उत्तम माती, उत्तम खत आणि उत्तम हौस असूनही भोपळा पुन्हा पाटीत मावेल एवढाच होत जातो.

जत्रेने फुगवलेलं फळ

परदेशातल्या राक्षसी भोपळ्याला गिऱ्हाईक कोण? खाणारं कुणीच नाही. त्याचा गर पाणचट, दोऱ्यादोऱ्यांचा आणि बेचव असतो. त्याला गिऱ्हाईक आहे ती जत्रा, म्हणजे शरद ऋतूत भरणाऱ्या वजनाच्या स्पर्धा. कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉक यांनी 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुमारे 181 किलोचा भोपळा नेला आणि 1904 मध्ये सेंट लुईसला त्याहून जेमतेम दीड किलोने जड. तो विक्रम सत्तरहून अधिक वर्षं, 1976 पर्यंत टिकला. त्या मधल्या काळात जगातली माती बिघडली होती किंवा शेतकरी आळशी झाले होते असं नाही. मोठ्या फळाच्या बिया राखून, मोठ्याचा मोठ्याशी संकर करत राहण्यात कुणाला फारसा रस नव्हता, एवढंच.

मग नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने नेमकं तेच काम वर्षानुवर्षं केलं. त्याच्या हातून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण घडला, 1981 मध्ये त्याच्या भोपळ्याचं वजन सुमारे 224 किलो भरलं आणि ते बियाणं सगळीकडे पसरलं. पुढचा वेग पाहण्यासारखा आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या रॉन वॉलेस यांचा भोपळा 911 किलोंवर गेला, 2014 मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी हजार किलोंची रेघ ओलांडली, 2023 मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी 1246 किलो गाठले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडच्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी 1278 किलो. आज या मंडळींत बीसुद्धा वंशावळीसकट ओळखलं जातं. फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल हेच त्या बीचं नाव, आणि नामांकित घराण्यातल्या एकेका बीचा लिलाव होतो.

निवडीने वेलात नेमकं काय बदललं, हेही आता ठाऊक झालंय. जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राक्षसी वाणांची तुलना साध्या वाणांशी केली. पानात तयार झालेली साखर फळापर्यंत नेणाऱ्या नळ्यांचं जाळं राक्षसी वाणात अधिक भरगच्च निघालं. साखर जास्त वेगाने धावत नव्हती, तिला वाटा जास्त होत्या. ऐन भरात असा भोपळा दिवसाला वीस किलोंच्या आसपास वाढतो. तेव्हा ‘गुप्त खत’ विचारणाऱ्या नवशिक्याने हे आधी समजून घ्यावं. खत त्या वाटांवरून जाणारा माल वाढवेल, वाटा मात्र जन्मतःच ठरलेल्या असतात.

बाजाराने आकसवलेलं फळ

आपल्याकडे हीच निवड उलट्या दिशेने चालली. भोपळा मुळात अमेरिका खंडातला, पण इथे इतका मुरला की पितृपक्षातल्या पानावर आणि ऋषिपंचमीच्या भाजीत तो नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. ऋषीच्या भाजीला तर बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणजे परसातला भोपळा हा तिचा हक्काचा घटक. परसातल्या त्या वेलावर पूर्वी दहा-पंधरा किलोचं फळ धरलं तरी ते एकत्र कुटुंबात, शेजारपाजारात, माहेर-सासरच्या पिशव्यांत जिरत असे. घरं लहान झाली तशी फोडही लहान झाली आणि संशोधन केंद्रांनी बाजाराचं ऐकलं. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या ‘को-1’ वाणाचं फळ सात-आठ किलोंचं होतं, त्यानंतरच्या ‘को-2’चं दीड-दोन किलोंचं. बंगळुरूच्या संस्थेचा ‘अर्का चंदन’ दोन-तीन किलोंचा. दिल्लीचा ‘पुसा विश्वास’ पाच किलोंच्या आसपास, म्हणजे या मंडळींत धिप्पाड म्हणायचा.

त्यामुळे दुकानातून ‘भोपळ्याचं बी’ म्हणून पाकीट आणलं आणि शेणखताचा डोंगर घातला तरी फळ चार किलोंवर का थांबलं, याचं कोडं पडायला नको. ते बी थांबण्यासाठीच निवडलंय. ज्याला मोठं फळ हवं त्याने पाकिटाऐवजी वाडीत वर्षानुवर्षं घरचं बी धरणाऱ्या कुणाकडून, शक्यतो त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या फळाचं, बी मागून आणावं.

पंढरपूरचा वेल, मिरजेची तार

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ओढूनताणून चाललंय. महाराष्ट्राची हवाच मोठ्या फळाची नाही, गिऱ्हाइकाचा काय संबंध? त्याला उत्तर पंढरपूर परिसरात आहे. तिथे पिकतो तो तांबडा भोपळा नाही, दुधी कुळातला कडू भोपळा. खाण्याच्या कामाचा नाही. पण मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला त्याच्याशिवाय तुंबा नाही. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी 1850च्या सुमारास मिरजेत वाद्यं घडवायला सुरुवात केली, तेव्हापासून भीमाकाठचा वेल आणि मिरजेचा कारागीर यांचं नातं चालत आलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागिराच्या मागण्या भाजीवालीच्या अगदी उलट. गर नको, साल हवी. घेर मोठा हवा, पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला तर आणखी मोठा, आणि तो सर्व बाजूंनी सारखा हवा. डाग, चीर, कीड लागलेली जागा चालत नाही. फळ वेलावरच पुरतं पिकून टणक व्हावं लागतं, मग वाळायचं, मग पाण्यात भिजवून, आतून खरवडून, आकार धरेपर्यंत पुन्हा वाळवायचं. अशा फळाला ताज्या भाजीसारखी घाई करून भागत नाही, शेतकऱ्याला ते महिनोन्‌महिने सांभाळावं लागतं. तो सांभाळतो, कारण मिरजेत घेराला दाम आहे. त्याच महाराष्ट्राच्या उन्हात भाजीच्या भोपळ्याला घेर वाढवण्याचं काही कारण उरलं नाही, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला ते दीडशेहून अधिक वर्षं टिकून आहे.

वसईची रात्र

गिऱ्हाईक सगळं ठरवतं असं मात्र नाही. टनाचा भोपळा वसईत होणार नाही, त्याचं कारण आपल्याला वाटतं तसं ऊन कमी किंवा माती वाईट हे नसून दिवसाची लांबी आणि रात्रीचा उकाडा हे आहे. पॅटन बंधूंच्या लिमिंग्टनमधल्या प्लॅस्टिकच्या पॉलिटनेलवर जूनमध्ये साडेसोळा तास उजेड असतो. वसईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तोही नेमका पावसाच्या तोंडावर, जेव्हा आभाळ भरलेलं असतं. पान दिवसभर साखर करतं, रात्री वेल श्वास घेताना त्यातली काही खर्च करतो आणि रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. मे महिन्यात वसईची रात्र सत्तावीस अंशांच्या खाली उतरायला तयार नसते. दिवसाची कमाई रात्रीच उडते.

पावसाळ्याचं म्हणाल तर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात तुंगारेश्वरच्या पायथ्याला काकडी, शिराळी, भोपळे होतात आणि महामार्गाच्या कडेला विकलेही जातात. पण फळ मोठं करायचं तर तो ऋतू गैरसोयीचा. परागकण भिजतात, मधमाशी बाहेर पडत नाही, फळाखालची जमीन ओली राहून साल सडते.

उरतो एकच काळ. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की बी टोचायचं. नर फुलं साधारण दीड महिन्यात येतात, मादी फुलं त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारी. थंडीत मादी फुलांचं प्रमाणही बरं असतं. फळ फुगण्याचे दिवस जानेवारी-फेब्रुवारीत पडतात, जेव्हा रात्रीचा पारा सोळा-अठराच्या आसपास असतो आणि दुपार निरभ्र. दिवस अकरा तासांचाच, पण कमाईतला मोठा वाटा शिल्लक राहतो. या हिशेबात गावरान बियाण्याचा वीस-पंचवीस किलोंचा भोपळा बसतो. नवशिक्याने हे ध्येय ठेवावं आणि ते गाठलं तर मिरवावंही. ‘अटलांटिक जायंट’चं बी मागवलं तर ते उगवेल, वेल धावेलही, पण फेब्रुवारीअखेर दुपार तापायला लागली की थंड प्रदेशात वाढलेलं ते घराणं मान टाकण्याची शक्यता जास्त. आपला नेहमीचा तांबडा भोपळा बहुतांशी वेगळ्या, उष्णता सोसणाऱ्या जातीचा आहे, आणि तो खाताही येतो.

वाडीतला एक वेल

विक्रमवीर एका वेलाला हजार चौरस फूट जागा देतात. नालासोपाऱ्यात एवढ्या जागेत दोन वन-बीएचके बसवून वर बाल्कनीचा भाव वेगळा लावतील. आपल्या ध्येयाला तीनशे चौरस फूट पुरेत. निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल पट्ट्यात ज्यांच्याकडे वाडीचा कोपरा उरलाय त्यांना ते शक्य आहे. इमारतीच्या गच्चीवर पिशवीत वेल लावणाऱ्यांनी तीन-चार किलोंचं फळ मोठं मानावं. मुळांना जागा नाही तिथे वेलाला बोल लावण्यात अर्थ नाही.

वाडीची माती रेताड, मुळांना मोकळी, पण खत धरून न ठेवणारी. म्हणून दीड-दोन फुटांचं आळं करून त्यात कुजलेलं शेणखत भरपूर घालावं आणि पुढचं खत एकदम न ओतता थोडं थोडं, आठवड्याच्या अंतराने द्यावं. केळी-पानवेलींना पेंड आणि मासळीचं खत घालणाऱ्या वाडीवाल्यांना हे शिकवायला नको. सुरुवातीला पानं वाढवणारं नत्र आणि फळ धरल्यावर पालाश जास्त, एवढा क्रम सांभाळला तरी पुरे. रोप दोन पानांचं असताना तांबडे भुंगेरे त्याची चाळण करतात. सकाळी दंव असताना चुलीची राख भुरभुरण्याचा जुना उपाय अजून चालतो.

वेल धावू लागला की त्याच्या पेरांवर माती सरकवायची. प्रत्येक पेर तिथे मूळ धरतं आणि वेल अनेक तोंडांनी पाणी पितो. बगलफुटी ठरावीक लांबीवर खुडायच्या. आता फूल. मुख्य वेलावर मुळापासून दहा-बारा फुटांच्या पुढे आलेलं मादी फूल निवडायचं, पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढा भोपळा असतो त्यावरून ते ओळखता येतं. उद्या उमलणार असलेली कळी आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळी पडते. तिचं टोक दोऱ्याने अलगद बांधायचं, तसंच दोन-तीन नर कळ्यांचंही. पहाटे उजाडताच नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधला पिवळा दांडा उघडा करायचा आणि मादी फूल सोडून तिच्या आतल्या फुगीर, दुभंगलेल्या डोक्यांवर तो सगळीकडून फिरवायचा. पराग हळदीसारखा चिकटलेला दिसला की फूल पुन्हा बांधून टाकायचं. दुपारपर्यंत फूल मिटतं आणि त्या दिवसाचा खेळ संपतो. हे मधमाशीवर सोडता येतं, पण मग बी कुणाच्या परागाचं ते कळत नाही.

आणि मग सर्वांत अवघड काम. दोन-तीन फळं धरली, आठवडाभरात त्यातलं कुठलं जोरात वाढतंय ते दिसलं की बाकीची खुडायची. घरातली मोठी माणसं इथे हळहळतात: धरलेलं फळ कुणी तोडतं का? पण पानांनी केलेली साखर एकच आहे. ती चौघांत वाटली तर सहा-सहा किलोंचे चार भोपळे होतील, बाजारासाठी ते शहाणपणाचंही आहे. खुडलेली कोवळी फळं भाजीला चालतात, एवढ्या समाधानावर मोठ्या माणसांना गप्प करता येतं.

राहिलेल्या फळाखाली कोरडी वाळू किंवा फळी सारायची, वर गोणपाटाची सावली करायची. उन्हाने साल लवकर टणक झाली की फळ ताणत नाही, तडकतं. पाण्याचा खाडा करून एकदम भरपूर दिल्यानेही तडकतं. फळमाशीसाठी कोवळ्या फळाला कागदी पिशवी घालावी आणि सापळा लावावा. आंब्याच्या बागेतल्या सापळ्याची वडी इथे उपयोगाची नाही, वेलवर्गीय फळांच्या माशीला ‘क्यू-ल्युर’ लागतं. पानांवर भुरी दिसली तर पहिल्या ठिपक्यालाच गंधक, कारण पान गेलं की कमाई गेली. वजन करायची घाई नको. शिंप्याच्या टेपने घेर, डावीकडून उजवीकडे आणि देठापासून बुडापर्यंतचं माप दर आठवड्याला टिपून ठेवलं की वाढ थांबल्याचं आपोआप कळतं. स्पर्धावालेही शेतात असलेल्या फळाचा अंदाज याच तीन मापांवरून बांधतात.

पाण्याचा आक्षेप

या उद्योगावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वसईतच निघू शकतो. जिथे विहिरींचं गोड पाणी टँकरने उपसून बांधकामांना गेलं, जिथे अति उपशाने खारं पाणी आत सरकून विहिरी मचूळ झाल्या, जिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी हरित वसईचा लढा उभा केला, तिथे हौसेच्या भोपळ्याला पाणी घालायचं? आक्षेप मोघम न ठेवता मोजून पाहू. तीस चौरस मीटर पसरलेला वेल वसईच्या हिवाळ्यात दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतो, म्हणजे 120 ते 150 लिटर. रोप लहान असतानाचे दिवस धरून पूर्ण हंगामाचं पाणी दहा हजार लिटरच्या घरात जातं, थोडक्यात एक टँकर. शहरासाठी सूर्या धरणाच्या योजनेतून दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी राखलंय आणि त्या पाण्यावर डहाणू-पालघरच्या शेतकऱ्यांचा आधीचा हक्क होता, हे लक्षात घेतलं तर नळाचं पाणी भोपळ्याला घालणं हा उद्धटपणा ठरेल.

पण वाडीतल्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे. पश्चिम पट्ट्यातली बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, पावसाचं पाणी धरतात, ते जमिनीत मुरतं, विहिरीला येतं आणि वाडीला दिलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा त्याच रेतीत उतरतो. बावखल बुजवून त्यावर इमारत उभी राहिली की हे चक्र तुटतं. वाडी पिकत राहिली तर बावखल ठेवण्याला कारण राहतं. एका वेलाने वसईचं पाणी संपणार नाही आणि वाचणारही नाही. अट एवढीच की ज्याच्या वाडीत विहीर गोडी आहे त्यानेच हा खेळ करावा, आळ्यावर पेंढ्याचं किंवा केळीच्या पाल्याचं आच्छादन घालावं, पाटाने न सोडता ठिबकने द्यावं. ज्याची विहीर मचूळ झालीय त्याला पानांच्या करपलेल्या कडा आठवड्याभरात तसंही सांगतील.

अख्खा भोपळा कोण घेणार

फळ मार्चअखेर उतरतं. देठ सुकून खरखरीत झालं, सालीवर नख उमटेनासं झालं की वीतभर देठ ठेवून कापायचं. देठ धरून उचलायचं मात्र नाही, मोडतं, आणि मोडल्या जागेतून कुजायला लागतं. आता पंचवीस किलोंचं काय करायचं? मावशींच्या पाटीत त्याला जागा नाही, ते आपण पाहिलंच. पण वसई-विरारमध्ये याच दिवसांत अख्ख्या भोपळ्याचं गिऱ्हाईक असतं, आपण त्याच्याकडे पाहत नाही इतकंच. रामनवमी, हनुमान जयंतीला नालासोपारा-विरारच्या नाक्यानाक्यावर भंडारे लागतात आणि उत्तर भारतीय आचाऱ्याच्या कढईत पुरीबरोबर भोपळ्याची भाजी ठरलेली. ख्रिस्ती घरांत हाच काळ उपवासकाळाचा किंवा तो नुकताच संपल्याचा असतो, मांसाहार वर्ज्य असलेल्या शुक्रवारी भाजीचा टोप मोठा लागतो. पाचशे पानांच्या आचाऱ्याला चार-चार किलोंची वीस फळं सोलण्यापेक्षा पंचवीस किलोंची तीन-चार परवडतात. साल कमी, बिया काढायचा व्याप कमी, गर जाड.

त्याच्याशी बोलणं मात्र बी टोचण्याआधी, दिवाळीतच करावं. त्याला कोणता गर चालतो, शिजल्यावर फोड राहणारा की मऊ होणारा, ते विचारून त्या वाणाचं बी शोधावं. आणि सौद्यात एक अट घालावी, की भोपळा आपल्यासमोर चिरायचा आणि बिया परत द्यायच्या. हाताने पराग लावून बांधलेल्या फुलाचं ते बी. धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून बरणीत भरताना बरणीवर चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: फळाचं वजन, साल, आणि आचाऱ्याने भाजीबद्दल काय सांगितलं ते.